३० इंची बास गिटार: ई तार लोळते, बाराव्या फ्रेटवर सूर चढतो. तारा बदलू की सेटअप करू?

सावरी
फेंडर मस्टँग धाटणीचा बास आहे, स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३० इंच. चार सॅडलचा ब्रिज (प्रत्येक तार ज्या सरकत्या तुकड्यावर टेकते तो सॅडल), तारा ब्रिजच्या मागून ओवायच्या (बॉडीच्या आरपार नाही). ट्रस रॉडचं (नेकचा बाक ठरवणाऱ्या आतल्या सळीचं) तोंड हेडस्टॉककडे. सध्या ४५-१०० (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) निकेल राउंडवाउंड (वरचं वेटोळं गोल तारेचं), शॉर्ट स्केलचाच सेट.

तक्रारी दोन. ई तार पहिल्या पाच फ्रेटपर्यंत खरखरते आणि जरा जोर दिला की बोटाखाली लोळते. शिवाय बाराव्या फ्रेटवर ई ९ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) चढी लागते. सॅडल मागे नेत नेत स्प्रिंग पूर्ण दाबली गेलीय, आता जागाच नाही.

जुन्या हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचाय, बोटांनी. आवाज गोल हवा. ५०-१०५ घेऊ? फ्लॅटवाउंड (वरचं वेटोळं चपट्या पट्टीचं, गुळगुळीत) घेऊ? की तारा बदलून काही फरक पडणार नाही?

ठोंब्या
तानपुऱ्याला जवारी काढून घ्यायला लोक कारागिराला पैसे मोजतात. तुम्हाला फुकट मिळतेय तर तक्रार!

मंद्रसप्तक
ठोंब्याभाऊंचं सोडा. आधी ताणाचा हिशेब बघू, म्हणजे "लोळते" यातला किती दोष तारेचा आणि किती मापाचा ते कळेल.

जाडी आणि सूर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. नेहमीचा लाँग स्केल बास ३४ इंची. ३० भागिले ३४, त्याचा वर्ग ०.७८. म्हणजे ३४ इंची बासवर जी तार १८ किलोने ताणलेली असते ती ३० इंचीवर साधारण १४ किलोवर येते. सरळ २२ टक्के घट. गिब्सनच्या ईबी जातीचा ३०.५ इंची असेल तर घट साडेएकोणीस टक्के. पाव-अर्ध्या इंचाने एवढा फरक पडतो, म्हणून आधी स्वतःच्या बासचं स्केल मोजा: नटपासून (हेडस्टॉकजवळची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत अंतर घ्या आणि दुप्पट करा. ३० इंचीला ३८१ मि.मी. आलं पाहिजे.

तोच ताण परत हवा असेल तर जाडी १३ टक्के वाढवावी लागेल, म्हणजे १०० च्या जागी ११३. तशी तार नटच्या खाचेत बसणार नाही. १०० ची १०५ केली तर ताण साधारण १० टक्के वाढतो, ११० केली तर २१ टक्के. (आतली मूळ तार प्रत्येक कंपनीची वेगळी, त्यामुळे आकडे अंदाजाचे धरा.)

केवडा
१०५ घ्या म्हणणाऱ्यांनी दुसरी तक्रारही वाचावी. जाड तार जास्त ताठ असते आणि ताठ तार बाराव्या फ्रेटवर जास्त चढते. सॅडल आधीच संपलंय. एक दुखणं कमी करायला दुसरं वाढवताय.

मंद्रसप्तक
अर्धं बरोबर, केवडाताई. ताण कमी असला की तार फ्रेटवर दाबताना होणारी ओढही सुराला जास्त चढवते. जाड तारेने ताण वाढला की ही ओढ कमी जाणवते. ताठपणा एका बाजूला ओढतो, ताण दुसऱ्या बाजूला. कोण जिंकतं ते आतली तार किती जाड आहे यावर ठरतं. षटकोनी गाभ्याची तार गोल गाभ्याच्या तारेपेक्षा सहसा ताठ असते.

लाकूडकाम
तारांवर चर्चा करायच्या आधी मापं हवीत. खरखर आणि चढा सूर एकाच वेळी असेल तर नेक, नट आणि पिकअप (तारेचं कंपन पकडणारे चुंबक) तिन्ही बघायला लागतात. सावरी, ही मापं द्या. फीलर गेज गॅरेजच्या सामानाच्या दुकानात मिळतो, ०.०५ ते १ मि.मी. पात्यांचा. अर्ध्या मिलीमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी हवी, आणि एक कॅपो (तारा फ्रेटवर दाबून ठेवणारा चिमटा).

१) बास सुरात आणून, मांडीवर आडवा न टाकता वाजवायच्या स्थितीत धरा. पहिल्या फ्रेटवर कॅपो, शेवटच्या फ्रेटवर ई तार बोटाने दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर तारेखाली किती फट आहे? हा रिलीफ.

२) कॅपो काढून सतराव्या फ्रेटवर ई आणि जी तारेची उंची.

३) तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून पहिल्या फ्रेटवरची फट. वहीच्या कागदाइतकी असली तरी पुरे, ईला थोडी जास्त चालते. शून्य असेल तर मोकळी तार खरखरणारच, आणि ती खरखर ट्रस रॉड फिरवून जाणार नाही.

४) शेवटच्या फ्रेटवर दाबलेली ई तार आणि पिकअप यांतलं अंतर.

मापं येईपर्यंत एकही स्क्रू फिरवू नका.

वऱ्हाडी_ठेचा
४) सगळे विसरतात. पिकअपचे चुंबक तारेला ओढतात, तार ढिली तेवढी ओढ जास्त जाणवते. ईवर वरच्या फ्रेटना आवाज थरथरतो, दोन सूर एकदम वाजल्यासारखा, आणि ट्यूनरचा काटा ठरत नाही. मग माणूस सॅडल पुढेमागे करत बसतो आणि हाती काही लागत नाही. इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागावा म्हणून सॅडलची जागा) लावायच्या आधी पिकअप पूर्ण खाली न्या, लावून झालं की वर आणा.

ठोंब्या
फोनमधल्या ॲपने ट्यून करणाऱ्यांचं काय?

वऱ्हाडी_ठेचा
मोकळी ई म्हणजे ४१.२ हर्ट्झ. फोनचा माईक तिथे बहिरा, तो वरचे आंशिक सूर ऐकून अंदाज बांधतो. केबल लावून पेडल ट्यूनर वापरा, टोन नॉब पूर्ण बंद ठेवा. काटा तरी नाचत असेल तर मोकळ्या तारेऐवजी बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथलीच दाबलेली नोट यांची तुलना करा. दाबताना वाजवताना दाबता तेवढंच दाबा. नेट लावून दाबलं की तीन-चार सेंट असेच चढतात.

पणजीकर_बास
एक मूळ प्रश्न राहिला. तार नवी लावताना ती पिळली गेली होती का? ट्यूनरवर गुंडाळताना तार स्वतःभोवती फिरली तर ती कधीच सुरात बसत नाही, फ्लॅटमध्ये तर हमखास. ढिली करून टोक सोडा, तार आपोआप उलटी फिरली तर पीळ होता. आणि तार सॅडलवरून सरळ खाली वळते का ते बघा. बहुतेक नव्या तारा तिथे गोल कमान करतात, त्यामुळे कंपन नेमकं कुठे सुरू होतं तेच ठरत नाही. सॅडलच्या पुढे लगेच अंगठ्याने हलकं दाबून कोन करून द्यायचा, नटपाशीही तसंच. हे केल्याशिवाय इंटोनेशन बघणं व्यर्थ.

अडगळ
नवखा प्रश्न: दुकानात लाँग स्केलच्या तारा सहज मिळतात, शॉर्टच्या मागवाव्या लागतात. लाँगच्या आणून कापल्या तर?

केवडा
अजिबात नको. लाँग स्केलच्या तारेचा पूर्ण जाडीचा भाग जिथे संपतो त्याच्या आधीच ट्यूनरचा खुंट येतो. १०० ची जाड तार त्या खुंटाभोवती वळवली की वरचं वेटोळं फाटतं किंवा आतली तार तुटते. गोल गाभ्याची असेल तर वाकवण्याआधी कापल्यावर अख्खं वाइंडिंग सैल होतं आणि तार मेल्यासारखी वाजते.

नियम सोपा आहे. बॉल जिथे अडकतो तिथपासून नटपर्यंतचं अंतर मोजा. रेशमाचा रंगीत दोरा किंवा निमुळता भाग नटच्या पुढे आणि खुंटाच्या आधी सुरू झाला पाहिजे. ब्रिजमागून ओवायच्या बासला हे अंतर साधारण ३२ इंच भरतं आणि शॉर्टचा सेट बसतो. पण काही मस्टँगमध्ये तारा बॉडीच्या आरपार जातात. तिथे लाकडाच्या जाडीमुळे दीड-एक इंच वाढतो, मग शॉर्टच्या तारेचा निमुळता भाग नटच्या अलीकडेच येतो. अशा वेळी मीडियम स्केलचा सेट घ्यायचा. सेटच्या नावावर जाऊ नका, मोजलेल्या इंचांवर जा.

लाकूडकाम
+१. कापण्याची पद्धतही लिहून ठेवतो. तार त्या त्या खुंटाच्या पुढे दहा-बारा सें.मी. जाऊ द्या. आधी काटकोनात वाकवा, मग वाकवलेल्या जागेच्या पलीकडे कापा. टोक खुंटाच्या मधल्या भोकात घालून वरून खाली गुंडाळा, ईला दोन वेढे, जीला तीन. वेढे खाली उतरले की तार नटवर नीट बसते. जीवर स्ट्रिंग ट्री (हेडस्टॉकवर तार खाली दाबणारी कडी) नसेल तर एक वेढा जास्त द्या.

अडगळ
वाखू (वाचनखूण) साठवली.

पणजीकर_बास
आवाज गोल हवा म्हणताय तर फ्लॅटच. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला हॉफ्नर शॉर्ट स्केलच, त्याचा तो जाड, लवकर विरणारा आवाज फ्लॅट तारांमुळेच. आणि फ्लॅटमध्ये धातू ठासून भरलेला असतो, त्यामुळे तीच जाडी घेतली तरी ताण वाढतो. डॅडॅरियोचा क्रोम्स ४५-१०० शॉर्ट सेट लावला की ई लोळायची बरीच कमी होईल. उलट थॉमास्टिकच्या जॅझ फ्लॅट्स मऊ, त्या तुमच्या कामाच्या नाहीत.

ठोंब्या
शॉर्ट स्केल म्हणजे खेळणं असं म्हणणारे भेटले की त्यांना क्रीम बँडच्या जॅक ब्रुसचा गिब्सन ईबी-३ ऐकवा.

केवडा
अवांतर आहे पण फायद्याचं: ३० इंचीवर पहिल्या फ्रेटचं अंतर ४२.८ मि.मी., ३४ वर ४८.५. लहान हातांना खालच्या चार फ्रेटमध्ये हा फरक कळतो. खेळणं म्हणणाऱ्यांनी स्वतः मोजून बघावं.

मंद्रसप्तक
पणजीकर, फ्लॅटवर एक सूचना. ताण वाढला की नेक पुढे वाकते, रिलीफ वाढतो. म्हणजे तारा बदलल्यावर ट्रस रॉड पुन्हा बघावाच लागणार. आता सगळं लावून घेतलं आणि उद्या फ्लॅट चढवल्या तर ते काम पुन्हा करावं लागेल. तारा आधी ठरवा.

वऱ्हाडी_ठेचा
पटत नाही. सध्याच्या तारांवर दोष शोधून मगच नवा सेट. नाहीतर नव्या तारांवरही तीच खरखर आली तर दोष कुठला ते कळणार नाही. दुसऱ्यांदा ट्रस रॉड बघायला दहा मिनिटं लागतात.

पणजीकर_बास
काळ्या नायलॉनच्या टेपवाउंडही गोल वाजतात, पण दोन अडचणी. ताणाच्या मानाने जाडी जास्त, त्यामुळे नटच्या खाचा रुंद कराव्या लागतात. आणि बोट धातूला लागत नाही. एरवी तारेला हात लावला की हम बंद होतो, इथे होत नाही. सिंगल कॉइल पिकअप आणि स्टेजवर डिमरचे दिवे असतील तर चुरचुर ऐकत बसा.

ठोंब्या
जुन्या तारा उकळून परत वापरतात म्हणे. मीठ किती घालायचं?

केवडा
मीठ घातलंत तर गंज बोनस. साध्या पाण्यात दहा मिनिटं, मग लगेच पूर्ण वाळवायच्या. वाइंडिंगमधला मळ निघतो, चमक थोडे दिवस परत येते. हे राउंडवाउंडसाठी. फ्लॅटला त्याचा उपयोग नाही, तिथे चमक नकोच असते. आणि एकदा खुंटावर वाकलेली तार पुन्हा सरळ करून चढवताना नेमकी त्याच वळणावर तुटते.

पणजीकर_बास
किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी: सॅडलचे बारीक हेक्स स्क्रू खाऱ्या हवेने गंजतात आणि किल्ली आत फिरते. वर्षातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब. फ्रेटबोर्डवर ते तेल नको.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे उलट. मे महिन्यात कोरडी हवा, त्यात कूलर सुरू केला की खोलीत एकदम दमटपणा. नेक दोन्ही वेळा हलते.

मंद्रसप्तक
पावसाळ्यात रिलीफ वाढतो.

लाकूडकाम
सरसकट नाही. फ्रेटबोर्डचं लाकूड आणि मागच्या नेकचं लाकूड किती ओल घेतं यावर वाकण्याची दिशा ठरते. एकाच गावात एका बासचा रिलीफ वाढतो, दुसऱ्याचा कमी होतो. ऋतू बघून अंदाजाने फिरवू नका, मोजून फिरवा. एसीतल्या खोलीतून बास काढून लगेच मोजू नका, तासभर बाहेर ठेवा.

सावरी
मापं आणली.

रिलीफ ०.५५ मि.मी.
सतराव्या फ्रेटवर ई २.९, जी २.३.
नटपाशी पहिल्या फ्रेटवरची फट: ए, डी, जी कागदाएवढी. ई त्याच्या दुप्पट.
ई आणि पिकअप: १.६ मि.मी.
तार सोडल्यावर अर्धा वेढा उलटी फिरली, म्हणजे पीळ होता. तो काढून परत लावली.
हेडस्टॉकच्या बाजूला रेशीम नट आणि खुंटाच्या मध्ये आहे.

लाकूडकाम
आता चित्र दिसतंय. तारांचा दोष सगळ्यात कमी.

पिकअप फारच वर आहे. ईच्या बाजूला ३ मि.मी., जीच्या बाजूला अडीचच्या आसपास आणा. खालच्या फ्रेटवरची तुमची निम्मी "खरखर" हीच असेल. तार चुंबकाकडे खेचली जाते, त्यामुळे तिचा झोका एकसारखा राहत नाही.

रिलीफ ०.५५ म्हणजे जास्त. फेंडरचं माप ७.२५ इंच त्रिज्येच्या फ्रेटबोर्डला ०.३५, ९.५ ते १२ ला ०.३०. शॉर्ट स्केलच्या ढिल्या तारेचा झोका मोठा, म्हणून ०.३५ च्या खाली जाऊ नका. तारा अर्ध्या सुराने उतरवा, रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, परत सुरात आणा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मोजा. एका दिवसात अर्ध्या फेऱ्याच्या पुढे नको. किल्ली घट्ट बसली पाहिजे: इंची आणि मेट्रिक किल्ल्या डोळ्यांना सारख्या दिसतात, ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मि.मी., तिथे साडेचारची किल्ली घातली तर कोपरे गोल होतात. मग नेक काढून काम, आणि खर्च.

रॉड फिरवताना अजिबात हलत नसेल तर जोर न करता थांबा.

रिलीफ ०.३५ झाला की सतराव्या फ्रेटची उंची आपोआप खाली येईल. ई २.४ ते २.६, जी २ वर आणा. त्याखाली नको, तुम्ही जोर देऊन वाजवता असं दिसतंय. सगळ्यात शेवटी इंटोनेशन.

केवडा
आणि ईची नटची खाच थोडी उंच आहे. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर दाबताना तार जास्त ओढली जाते. एफ आणि एफ शार्प चढे लागत असतील. पण स्वतः घासू नका. खाच १०० किंवा १०५ च्या गोल कानशीनेच घासायची, हेडस्टॉककडे उतार देऊन. ठरलेल्या तारेच्या जाडीपेक्षा खाच ०.०५ ते ०.०८ मि.मी. रुंद. म्हणजे हे काम तारा पक्क्या ठरल्यावर. अरुंद खाचेत ट्यून करताना "टिंग" असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो.

मंद्रसप्तक
सॅडलचं गणित देतो, उगाच अंदाजाने सरकवू नका. ३० इंचीवर १ सेंट म्हणजे सॅडलचं ०.४४ मि.मी. ९ सेंट चढी म्हणजे ४ मि.मी. मागे जावं लागेल. तेवढी जागा कुठल्याच ब्रिजला सहज नसते. म्हणूनच आधी रिलीफ आणि उंची खाली आणायची, चढण्यातला मोठा भाग तिथेच कमी होतो. सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. मागे नेण्याआधी तार थोडी ढिली करा, नाहीतर सॅडलची धार वाइंडिंगला कापते.

सावरी
लाकूडकाम यांच्या क्रमाने केलं. रिलीफ ०.३५, ई २.५, जी २.०, पिकअप ३.१. खरखर गेली, जोरात मारलं तरच येते. ई आता ४ सेंट चढी. सॅडलला अजूनही जागा नाही.

मंद्रसप्तक
४ सेंट म्हणजे पावणेदोन मि.मी. हवेत.

लाकूडकाम
ई सॅडलची स्प्रिंग काढा आणि निम्मी कापून परत घाला. दाबलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांची जाडीच तेवढी जागा खात असते. स्प्रिंग पूर्ण काढली तरी चालते, तारेचा ताण सॅडलला जागेवर धरतो, फक्त स्क्रू झणझणू शकतो. तसं झालं तर स्क्रूवर वायरच्या आवरणाचा छोटा तुकडा ओवा.

ठोंब्या
दोनच सॅडलचा ब्रिज असलेल्यांनी काय करायचं?

केवडा
ई-ए जोडी आणि डी-जी जोडी, प्रत्येकीत तडजोड. जी तार जास्त वाजते तिला सुरात आणा, दुसरीला तीन-चार सेंट सोडा. हॉफ्नरसारखा सुटा लाकडी ब्रिज असेल तर तो अख्खा सरकवून लावायचा. तारा बदलताना एकेकच बदला, चारही काढल्या की ब्रिज हातात येतो आणि जुनी जागा हरवते. म्हणून पेन्सिलने खूण आधी.

अडगळ
ड्रॉप डी (ई तार डीपर्यंत उतरवणं) करता येईल का यावर?

मंद्रसप्तक
ईवरून डी म्हणजे आणखी २१ टक्के ताण गेला. ३४ इंचीवरच्या ई तारेच्या ताणापैकी ६२ टक्केच उरतो. १०० वर नको. ११० घ्या आणि नट रुंद करून घ्या, किंवा नाद सोडा.

सावरी
स्प्रिंग निम्मी केली. ई आता १ सेंटाच्या आत. तारांचं सांगा मग. क्रोम्स ४५-१०० की ५०-१०५ राउंड?

पणजीकर_बास
क्रोम्स.

वऱ्हाडी_ठेचा
गोल आवाज हवा असेल तर क्रोम्सच. राउंडवर टोन बंद करून तसा आवाज काढता येतो, पण बोट सरकताना होणारी किरकिर जात नाही. जुन्या गाण्यांत ती खटकेल.

मंद्रसप्तक
माझंही तेच मत आता. एक सेट बदलताना चारही तारा एकदम काढू नका. क्रोम्स चढवल्यावर एक दिवस सुरात ठेवून मग रिलीफ मोजा, ०.४५ च्या आसपास गेलेला दिसेल. पाव फेऱ्याहून जास्त लागू नये.

केवडा
आणि नटची ई खाच तेव्हा घासून घ्या, आत्ता नाही. क्रोम्सची १०० तार खाचेत अडते की सहज सरकते ते बघून मगच.